मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलंय आणि तिला अजून सांगितलेलं नाही, तयारी कुठून सुरू करू?

ताई, तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर कळेल. तुम्ही उमरेडला राहता. मुलगी 9 वर्षांची, चौथीत. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे-घोटे सुजले, ताप आला, आणि त्या संधिवाताच्या तापाने हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातली एक झडप, खराब झाल्याचं निघालं. तेव्हापासून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू आहे. आता शाळेचा जिना चढताना दम लागतो, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेची गळती खूप वाढलेली दिसली, आणि नागपुरात एप्रिलच्या मध्यातली तारीख मिळाली. सर्जन म्हणाले, ‘शक्यतो दुरुस्त करू, नाहीच जमलं तर बदलू.’ सोबत काय न्यायचं, किती दिवस लागतील, रक्ताची सोय कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की मुलीला काहीच माहीत नाही. सासूबाई म्हणतात सांगू नका, पोरगी धसका घेईल. तिच्या बाबांनी ‘चेकअपला जायचंय’ असं सांगून ठेवलंय.

मी नागपुरात हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या आयसीयूत 19 वर्षं परिचारिका आहे, आणि त्यातली बहुतेक वर्षं लहान मुलांजवळ गेली. मी सर्जन नाही. तुमच्या मुलीचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे औषधं, धोका, कोणती झडप, हे तिच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण ऑपरेशननंतर मूल पहिल्यांदा डोळे उघडतं तेव्हा समोर आम्ही असतो. तिथून बघितलं तर तुमच्या यादीतली शेवटची ओळ सगळ्यात वर यायला हवी.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक मुलगा मला अजून आठवतो. सात वर्षांचा होता. घरच्यांनी त्याला ‘छातीचा फोटो काढायला जाऊ, मग बर्डीच्या बाजारात फिरू’ असं सांगून आणलं होतं. तो जागा झाला तेव्हा तोंडात नळी, छातीवर पट्टी, नळी ओढू नये म्हणून हात मऊ पट्टीने बांधलेले. दुसऱ्या दिवशी नळी काढली, आईला आत बोलावलं. तो रडला नाही. आईकडे बघून बसक्या आवाजात एकच वाक्य बोलला, ‘तू फोटो म्हणाली होती,’ आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढचे तीन दिवस तो आईच्या हातून खायला तयार नव्हता. प्रत्येक गोळी, प्रत्येक सुई, साधं थर्मामीटरसुद्धा तो मला तीन-तीनदा विचारून घ्यायचा, ‘हे काय आहे, खरं सांगा.’ ऑपरेशन उत्तम झालं होतं. पण खोकायला सांगितलं की खोकेना, उठायला सांगितलं की उठेना, कारण मोठ्या माणसांच्या शब्दावर त्याचा विश्वासच उरला नव्हता. छातीत कफ साठला आणि मुक्काम चार दिवसांनी वाढला.

म्हणून सांगते, मुलीला खरं सांगा. तिला समजेल एवढंच सांगा, पण जे सांगाल ते खरं असू द्या. तिला धीर वाटावा म्हणून तर हवंच, पण आयसीयूत तिच्याकडून आम्हाला काम करून घ्यायचं असतं. जोरात श्वास घे, खोक, कुशीवर वळ, खुर्चीत बस, हे सगळं दुखत असताना करायचं असतं. ‘आई म्हणाली होती असं होईल, आणि मग बरं वाटेल,’ हे ज्या मुलाच्या डोक्यात आधीपासून असतं ते मूल हे करतं. सासूबाईंनाही हेच कारण सांगा. त्यांची काळजी खोटी नाही. पण धसका मुलांना न कळण्याचाच जास्त बसतो. घरात सगळे कुजबुजतायत, बाबा फोन घेऊन अंगणात जातात, आजी मध्येच डोळे पुसते, हे नऊ वर्षांच्या मुलीला दिसत नाही असं समजू नका.

कधी सांगायचं, हे वयावर आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी पुरतं, त्याला ‘पुढचा आठवडा’ म्हणजे काय ते कळत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला डॉक्टरांशी बोलतानाच सोबत बसवावं. तुमच्या मुलीच्या वयाला साधारण आठवडा-दहा दिवस आधी ठीक. एवढ्यात तिचे प्रश्न निघतात, आणि काळजी करत बसायला फार दिवसही मिळत नाहीत. तोवर ‘चेकअप’ हा शब्द मात्र पुन्हा वापरू नका. सांगायची वेळ सकाळची किंवा दुपारची निवडा. रात्री झोपताना सांगितलं की ती एकटी अंधारात तेच घोळवत बसेल.

सुरुवात तिलाच विचारून करा, ‘तुला दम का लागतो, तुला काय वाटतं?’ मुलं काय काय समजून बसलेली असतात ते ऐकून पोटात कालवतं. ‘मी बर्फगोळे खाल्ले म्हणून झालं’ हे मी कितीतरी मुलांकडून ऐकलंय. त्यांना ती शिक्षा वाटते. हे आधी काढून टाका, ‘तुझ्यामुळे काहीच झालेलं नाही,’ असं स्पष्ट शब्दांत सांगा. मग झडप समजावा. तुमच्याकडे शेतावर विहीर असेल तर काम सोपं आहे. मोटरच्या पाइपाला खाली पाण्यात फूट व्हॉल्व्ह असतो. तो गळायला लागला की वर चढलेलं पाणी परत विहिरीत उतरतं, मोटर नुसती घुमत राहते आणि वाफ्याला पाणी कमी पोचतं. मायट्रल व्हॉल्व्ह गळतो म्हणजे जवळजवळ हेच. हृदयाने पुढे ढकललेलं काही रक्त उलटं फुप्फुसांच्या बाजूला येतं, म्हणून दम लागतो. ‘डॉक्टर तो व्हॉल्व्ह नीट करणार आहेत. तू भुलीच्या झोपेत असशील. ती रात्रीच्या झोपेसारखी नसते, त्यात दुखत नाही आणि मध्येच जागही येत नाही. भुलीचे डॉक्टर पूर्ण वेळ तुझ्या उशाशी उभे असतात आणि काम झालं की नंतर आयसीयूत हळूहळू जाग येऊ देतात.’ मध्येच जाग आली तर, ही भीती या वयाच्या जवळजवळ प्रत्येक मुलाला असते, पण फार थोडी बोलून दाखवतात. म्हणून विचारायची वाट न बघता सांगून टाका.

एका मुलीने मला ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, ‘सिस्टर, हृदय उघडलं की मी आईले विसरीन का?’ सिनेमात, गाण्यात, घरात सगळे म्हणतात माया हृदयात असते. तिने ते शब्दशः घेतलं होतं आणि चार दिवस मनात ठेवलं होतं. आई आठवते ती डोक्याने, आणि डोक्याला कोणी हात लावणार नाही, असं मी तिला सांगितलं. ती लगेच जेवायला बसली.

‘दुखेल का?’ असं विचारेल. ‘नाही’ म्हणू नका. ‘हो, जागी झाल्यावर छातीत दुखेल. त्याचं औषध नळीतून देतात. दुखलं की सांगायचं, सहन करत बसायचं नाही.’ आणि ‘मी मरेन का?’ असं विचारलं तर गप्प करू नका. ‘डॉक्टर तू बरी व्हावी म्हणूनच हे करतायत, त्यांनी अशी पुष्कळ ऑपरेशनं केलीयत, आणि आम्ही दाराबाहेरच आहोत,’ एवढं शांतपणे सांगता येतं. हे वाक्य आधी आरशासमोर दोनदा म्हणून बघा. शब्दांपेक्षा तुमचा आवाज तिला जास्त कळतो.

आता आयसीयूत काय दिसेल ते तुम्हा दोघांसाठी सांगते, कारण तिथे चक्कर येऊन पडलेले बाबा मी पाहिलेत. आत नेल्यापासून निरोप येईपर्यंत पाच-सहा तास सहज जातात. उशीर झाला म्हणजे वाईट झालं असं समजू नका. पहिल्यांदा भेटाल तेव्हा चेहरा, पापण्या सुजलेल्या असतील, हात गार लागतील. तोंडात श्वासाची नळी आणि व्हेंटिलेटर, मानेत एक लाइन, मनगटात एक, लघवीची पिशवी, छातीच्या खाली दोन-तीन नळ्या. त्यातून थोडं लालसर पाणी बाटलीत येत राहतं, ते यायलाच हवं. पोटाच्या वरच्या बाजूला बारीक तारा चिकटवलेल्या दिसतील, हृदयाचे ठोके मंदावले तर तात्पुरता पेसमेकर जोडण्यासाठी. मॉनिटर सारखा वाजतो. बहुतेक वेळा वायर हलली म्हणून वाजतो, तुम्ही त्याच्याकडे न बघता तिच्याकडे बघा. हात धरा, नाव घेऊन बोला. भुलीतून अर्धवट बाहेर आलेलं मूल आवाज ओळखतं, हे मी मॉनिटरवर ठोके बदलताना पाहिलंय. सगळं सुरळीत असेल तर श्वासाची नळी काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी निघते. हृदय आधीच फार थकलेलं असेल, फुप्फुसातला दाब वाढलेला असेल तर जास्त दिवस लागतात.

नळी असेपर्यंत बोलता येत नाही, हे मुलांना सगळ्यात भयंकर वाटतं. ओरडायचा प्रयत्न करतात, आवाजच येत नाही. म्हणून घरीच खुणा ठरवा. एक बोट म्हणजे दुखतंय, दोन म्हणजे तहान, तीन म्हणजे आई हवी. रोज संध्याकाळी खेळासारखं करा, धाकट्या भावालाही घ्या. आणि त्या खुणा कागदावर लिहून भरती होताना सिस्टरच्या हातात द्या. आम्ही तो कागद पलंगाच्या डोक्याशी चिकटवतो.

यातली तहानेची खूण सगळ्यात जास्त लागणार. दुखण्याला औषध मिळतं, पण पाणी मोजूनच देतात, कारण हृदयावर भार नको असतो. भिवापूरकडचा एक मुलगा नळी काढायच्या आधी माझ्या तळहातावर बोटाने सारखं ‘पा’ काढायचा. ‘पा’ काढायचा, माझ्याकडे बघायचा, परत ‘पा’. ओल्या कापसाने ओठ पुसायचे, एवढंच माझ्या हातात होतं. एप्रिलच्या नागपुरात बाहेर 42 च्या पुढे पारा असताना आईबापांना हे बघवत नाही, मला ठाऊक आहे. पण लपून काही देऊ नका. नळी नुकती काढलेली असताना एका आजींनी मायेने पदराआडून संत्र्याची फोड दिली. मुलीला ठसका लागला, रस श्वासनलिकेकडे गेला आणि ती रात्र आम्ही सगळ्यांनी उभं राहून काढली. मुलीला आधीच सांगा, ‘तहान खूप लागेल, पाणी थोडं थोडं मिळेल, आणि ते रोज वाढत जाईल.’

आता दुरुस्ती की बदल. हे इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘नाहीच जमलं तर बदलू’ या वाक्यावर बहुतेक घरं मान डोलावतात आणि त्याचा अर्थ घरी गेल्यावर कळतो.

मुलांमध्ये सर्जन दुरुस्तीसाठी धडपडतात त्याला कारणं आहेत. स्वतःची झडप मुलाबरोबर वाढते, बसवलेली वाढत नाही. नऊव्या वर्षी मावलेली झडप अंगाने भरल्यावर लहान पडू शकते. धातूची, म्हणजे मेकॅनिकल झडप टिकाऊ असते. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत तयार झालेली चित्रा झडप 1990 पासून वापरात आहे. पण मेकॅनिकल झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल, आयुष्यभर घ्यावी लागते. पीटी-आयएनआर ही रक्ताची तपासणी वारंवार करून डोस ठरवायचा. मायट्रलच्या जागी मेकॅनिकल झडप असेल तर आयएनआर साधारण 2.5 ते 3.5 मध्ये ठेवतात. कमी झाला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला आयुष्यभर ही गोळी लागत नाही, पण लहान मुलांमध्ये ती लवकर कडक होते. आणि तुमची मुलगी आहे. पुढे पाळी सुरू झाली की या गोळीमुळे रक्तस्राव जास्त होऊ शकतो. गरोदरपणात वॉरफरिनने बाळाला अपाय होऊ शकतो, म्हणून ते दिवस फार काळजीपूर्वक आखावे लागतात. नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हा विचार आत्ता अवघड वाटतो, तरी सर्जनच्या डोक्यात तो असतो, तुमच्याही असू द्या.

दुरुस्तीलाही मर्यादा आहे. संधिवाताच्या तापाने झडपेचे पडदे जाड होतात, आखडतात, खालच्या दोऱ्या ताणल्या किंवा चिकटल्या जातात. आत उघडून बघितल्याशिवाय किती जमेल ते नक्की कळत नाही. दुरुस्त केल्यावर हृदय पुन्हा चालू करून तिथेच, अन्ननलिकेतून प्रोब घालून इको करतात. गळती फार राहिली असेल तर पुन्हा मशीनवर (ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) घेऊन झडप बदलतात. म्हणून डॉक्टर आधी शब्द देत नाहीत, टाळाटाळ करतात असं वाटून घेऊ नका. दुरुस्ती चांगली झाली तरी काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, हेही मनात असू द्या.

तेव्हा पुढच्या भेटीत सर्जनना हे विचारा: दुरुस्तीनंतर थोडी गळती राहिली तर किती चालेल? बदलायचीच वेळ आली तर कोणती झडप, आणि माझ्या मुलीला तीच का? तिच्या हृदयाची ताकद आणि फुप्फुसातला दाब बघता धोका किती? हा आकडा दुसऱ्या कोणाच्या मुलाचा घेऊन बसू नका, तो प्रत्येकाचा वेगळा असतो. आणि आयएनआर उमरेडमध्ये होईल का, की दर वेळी नागपूर? उत्तरं वहीत लिहा. संमतीपत्र आदल्या दिवशीच मागून वाचा. सही करताना ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात घाई असते, तिथे प्रश्न सुचत नाहीत.

आता शरीराची तयारी. यात काही गोष्टींना वेळ लागतो, म्हणून तीन आठवडे हातात आहेत हे बरं झालं.

दात याच आठवड्यात दाखवा. किडलेल्या दातातले जंतू रक्तात शिरून झडपेवर बसतात, आणि नवीन झडपेवर बसले तर फार वाईट. झडप बसवायच्या आधीच तोंड स्वच्छ हवं. नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवता येईल. पण दाताला हात लावू देण्याआधी ‘हृदयाचा आजार आहे, पेनिसिलिन चालू आहे, ऑपरेशनची तारीख ही आहे’ असं सांगा. पुढे झडप बदलली गेली तर दाताच्या प्रत्येक मोठ्या कामाआधी अँटिबायोटिक लागेल.

सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. आपल्या विदर्भात हे विचारल्याशिवाय कोणालाच मशीनवर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ऑपरेशनमध्ये शरीर थंड करतात, रक्त मशीनमधून फिरतं, आणि सिकलसेल असलेल्या रक्तपेशी अशा वेळी वाकड्या होऊन अडकू शकतात. आधी माहीत असेल तर भुलीचे डॉक्टर तशी तयारी करतात, गरज पडल्यास रक्त बदलून घेतात. शाळेत किंवा गावात कधी तपासणी झाली असेल, ‘एएस पॅटर्न’ (म्हणजे सिकलसेलचा वाहक) असं कागदावर असेल तर तो कागद शोधा. घरात कोणाला असेल तेही सांगा. तपासणी झालीच नसेल तर आत्ता करून घ्या, साधी रक्ताची चाचणी आहे.

सर्दी-खोकला. लग्नसराई आहे, आमंत्रणं असतील. हे तीन आठवडे मुलीला मांडवात, गर्दीत नेऊ नका. आणि तरीही खोकला, ताप, जुलाब झालेच तर लपवू नका. कितीतरी महिन्यांनी मिळालेली तारीख जाईल म्हणून लोक कफ सिरप पाजून आणतात. एका घराने असंच केलं आणि ते मूल व्हेंटिलेटरवरून सुटायला आठवडा लागला. तारीख पुढे गेली तर पुन्हा मिळते.

रक्ताबद्दल तुम्ही विचारलंय. किती बाटल्या, प्लाझ्मा-प्लेटलेट किती, हे हॉस्पिटल सांगेल. रक्तदान करणारे नातेवाईक, शेजारी यांची नावं आणि फोन आधी जुळवून ठेवा, आणि ते त्या आठवड्यात नागपूरला येऊ शकतील का ते पक्कं करा. तुमचं किंवा तिच्या बाबांचं रक्त तिलाच द्या असा हट्ट मात्र धरू नका. इतक्या जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुलाच्या शरीराला ओळखू येत नाहीत, त्या तिथे रुजून घातक त्रास देऊ शकतात. तुमच्या दानाच्या बदल्यात दुसऱ्याचं तपासलेलं रक्त मिळतं, तेच तिच्यासाठी चांगलं.

खर्चाचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, तरी सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात. तुमचं हॉस्पिटल यादीत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) आजच भेटा. रेशन कार्ड, मुलीचं आधार, इकोचा रिपोर्ट लागेल. मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते, आणि कागदावरच्या नावातली एक वेलांटी चुकली तरी चार दिवस जातात.

घरी रोज दहा मिनिटं सराव करून घ्या. तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर मिळतं, ते आत्ताच आणा. श्वास आत ओढून गोळी वर चढवायची आणि धरून ठेवायची. किती वेळ, कितीदा, हे डॉक्टरांना विचारा; दम लागला की थांबायचं. उशी छातीशी घट्ट धरून खोकायला शिकवा, आणि कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठायला. तीच उशी सोबत न्या, ओळखीचा वास असतो तिला.

पिशवीत फार काही नको. पुढून बटणं असलेले दोन-तीन सैल शर्ट, कारण डोक्यावरून घालायचे कपडे नंतर घालवत नाहीत. सपाट चप्पल. आवडीचं एक खेळणं, धुऊन. जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून, आणि चालू गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. कोणती गोळी कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील, स्वतःहून थांबवू नका. नखं कापा, नेलपेंट पुसा. डोक्यात उवा असतील तर हाच आठवडा आहे, यात लाजण्यासारखं काही नाही. गळ्यातला ताईत, काळा दोरा ओटीत काढावा लागतो. तो तुमच्या मुठीत ठेवा आणि तिलाही सांगा की तो माझ्याजवळ आहे. उपाशी कधीपासून राहायचं ती वेळ भुलीचे डॉक्टर देतील, ती घड्याळ लावून पाळा. एकाने डॉक्टरांचं ऐकून लिहून घ्यायचं, एकाने उमरेडच्या फोनला उत्तरं द्यायची, अशी कामं वाटून घ्या. एकच माणूस दोन्ही करू लागला की तिसऱ्या दिवशी कोसळतो. आणि बाबांनाही कधीतरी विचारा की तुम्ही जेवलात का. ते कॉरिडॉरमध्ये उभेच असतात.

सगळं नीट झालं तर एकूण आठ-दहा दिवसांत घरी जाल. छातीचं हाड तारांनी जोडलेलं असतं, ते भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर तिला काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात पाठीखाली आणि एक मांड्यांखाली. सायकल, झाडावर चढणं, पाण्याची कळशी, दप्तर बंद. घरी आल्यावर काही आठवडे ती चिडेल, रात्री दचकून उठेल, कदाचित अंथरूण ओलं होईल. रागावू नका, हळूहळू कमी होतं. ताप, जखमेतून पाणी, छातीत हाड कटकटणं, वाढलेला दम, पायावर सूज, कमी लघवी, यांपैकी काही दिसलं तर वाट न बघता फोन. उन्हाळ्यात उलट्या-जुलाब झाले तरीसुद्धा, कारण लघवीच्या गोळ्या चालू असतात. पाणी किती द्यायचं ते सुट्टी होतानाच लिहून घ्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर पालक, मेथी, अंबाडी बंद करायची गरज नाही, आठवड्याला जेवढी खाते तेवढीच खाऊ द्या. पण दुखण्याची कुठलीही गोळी, पुडी, काढा हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही. मेकॅनिकल झडप असेल तर रात्री शांततेत टिकटिक ऐकू येईल. मुलं आधी घाबरतात, नंतर मैत्रिणींना बोलावून ऐकवतात.

शेवटची गोष्ट मी सगळ्यांना हात धरून सांगते. ऑपरेशन झालं म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन बंद होत नाही. झडप नीट झाली तरी घशातल्या ज्या जंतूंमुळे संधिवाताचा ताप येतो, त्यांनी पुन्हा ताप आणला तर हृदय पुन्हा सुजतं, आणि दुरुस्त केलेली झडप परत बिघडते. अशी परत आलेली मुलं मी पाहिलीत. झडपेवर शस्त्रक्रिया झालेल्यांना ते निदान वयाच्या चाळिशीपर्यंत, बऱ्याचदा आयुष्यभर चालतं. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली तरीही बहुतेकदा ते देता येतं, आयएनआर बघून. गळती फार असलेल्या मुलांना काही डॉक्टर इंजेक्शनऐवजी गोळ्या देतात, तेही विचारून घ्या.

तुमची तारीख तीन आठवड्यांवर आहे आणि इंजेक्शन 21 दिवसांचं, म्हणजे पुढचा किंवा त्यानंतरचा डोस ऑपरेशनच्या आसपासच पडणार. भरतीच्या धावपळीत नेमका तोच चुकतो. मागचं इंजेक्शन कधी झालं ते आज कार्डावर बघा, पुढच्या दोन तारखा काढा, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि भरती होताना ते पान सिस्टरला दाखवा.